सैल सदऱ्याचे दिवस

होळी झाली की घरोघर उन्हाळ्याची चाहूल लागते. माठ बाहेर निघतात, कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलल्या जातात, लोकरी कपडे डांबराच्या गोळ्या घालून पेटीत बंद होतात आणि गृहिणीच्या कपाटात सुती साड्या वरच्या फळीवर येतात. या साऱ्या धांदलीत घरातील एक व्यक्ती मात्र जानेवारीत जशी होती तशीच मे महिन्यातही राहते. ती म्हणजे कचेरीस जाणारा पुरुष. तीच अंगासरशी बेतलेली विजार, तोच खोचलेला लांब बाह्यांचा सदरा, तेच बंद बूट; आणि एखादा समारंभ असला तर त्यावर कोट आणि टायसुद्धा! नागपूरच्या वैशाखात किंवा कोलकात्याच्या ज्येष्ठात असा वेश करून बसची वाट पाहणाऱ्या गृहस्थाकडे पाहिले, की आपल्याकडील पुरुषांनी ऋतूंशी अबोला धरला आहे की काय, असे वाटू लागते.

अलीकडे हा अबोला सुटण्याची चिन्हे दिसत आहेत. वसंत आणि ग्रीष्म ऋतूंसाठी म्हणून पुरुषांचे जे अनौपचारिक कपडे गेली काही वर्षे दुकानांच्या काचेआड मांडलेले दिसतात, ते पाहा. उघड्या, सपाट गळपट्टीचा आणि सरळ घेराचा, विजारीबाहेर सोडावयाचा अर्ध्या बाह्यांचा सदरा. मांडीपर्यंत येणारा आखूड कुडता. जवसाच्या झाडापासून निघणाऱ्या धाग्याचे, म्हणजेच लिननचे, कपडे. ठशांनी छापलेले सुती कापड. पायांत घोळदार विजार आणि उघड्या चपला. परदेशी नावांच्या चिठ्ठ्या लावून हा माल ‘नवी फॅशन’ म्हणून येतो. पण घरातील आजोबांपुढे तो मांडला, तर ते चष्मा सावरून म्हणतील, ‘अरे, हा तर आमचा बुशशर्ट!’ आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. या नव्या फॅशनमधील बहुतेक वस्तू आपल्या जुन्या ओळखीच्या आहेत. त्या आपल्याकडून का गेल्या आणि परत येताना आपण त्यांचे स्वागत कसे करावे, हा प्रश्न वाटतो तितका केवळ हौसेचा नाही. त्याच्याशी आपले आरोग्य, विजेचे बिल आणि लक्षावधी विणकरांची चूल, तिन्ही बांधलेली आहेत.

घामाचे गणित

उन्हाळी कापडाची गोष्ट घामापासून सुरू होते. शरीर थंड ठेवण्याचा निसर्गाने दिलेला हा सर्वांत मोठा उपाय. एक लीटर घाम अंगावरून पूर्णपणे वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. मात्र यात ‘वाळला तर’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जो घाम नुसता ओघळून खाली पडतो, तो शरीरातील पाणी आणि मीठ घेऊन जातो, पण थंडावा देत नाही. तेव्हा चांगल्या उन्हाळी वस्त्राचे काम एकच: घाम टिपून घेणे आणि त्यास हवा मिळू देणे.

या कामी निरनिराळ्या धाग्यांची लायकी सारखी नाही. सर्वसाधारण हवेत कोरडा भासणारा धागासुद्धा काही ओलावा पोटात धरून असतो. वस्त्रोद्योगात त्याची ठरलेली प्रमाणे आहेत. कापसाच्या धाग्यास ती शेकडा साडेआठ, लिननला सुमारे १२, तर पॉलिस्टरला अर्ध्याहूनही कमी, म्हणजे ०.४ इतकी धरतात. पॉलिस्टरचा सदरा चटकन वाळतो, त्यास सुरकुती पडत नाही, तो वर्षानुवर्षे टिकतो. हे सारे गुण खरे. पण साध्या, घट्ट विणीच्या पॉलिस्टर सदऱ्यात दुपारी दोन वाजता जो अनुभव येतो, त्याचे मूळ या आकड्यात आहे. खेळाडूंसाठी घाम पृष्ठभागावर ओढून घेणारे कृत्रिम धाग्यांचे खास कापड आता तयार होते, त्याची गोष्ट वेगळी. बाजारातील स्वस्त सदऱ्यास ते गुण लावू नयेत.

धाग्यानंतर येते ती वीण, आणि विणीनंतर बेत. बेताविषयी एक मनोरंजक शोध १९८० साली प्रसिद्ध झाला. वाळवंटात राहणारे बेदुइन लोक भर उन्हात काळे झगे का घालतात, हे कोडे शास्त्रज्ञांना पडले होते. इस्रायलमधील वाळवंटात काळा झगा, पांढरा झगा आणि सैनिकी गणवेश घालून उन्हात उभे राहून मोजमापे घेण्यात आली. काळ्या झग्याने ऊन अधिक शोषले, यात नवल नाही. पण ती जादा उष्णता त्वचेपर्यंत पोहोचण्याआधीच झग्याच्या आत खेळणाऱ्या हवेबरोबर निघून गेली. आतल्या माणसाला काळ्या आणि पांढऱ्या झग्यांत सारखीच उष्णता लागली! यावरून रंग निरर्थक ठरतो असे नाही. अंगाबरोबरच्या कपड्यात पांढरा वा फिका रंग केव्हाही सुखाचा. पण सैलपणा ही रंगाहून मोठी गोष्ट आहे, हे त्यातून दिसते. आपले दर्जी ‘फिटिंग’ या शब्दाचा जो अर्थ घेतात, तो उन्हाळ्यापुरता तरी बाजूस ठेवण्यासारखा आहे.

आणखी एक भेद ध्यानात घ्यावयास हवा. आपल्या देशात उन्हाळा एक नाही, दोन आहेत. राजस्थान, माळवा, विदर्भ, तेलंगण, उत्तर प्रदेश येथील उन्हाळा कोरडा. राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंश सेल्सिअसवर गेला होता. हवाच शरीराहून अधिक तापलेली असताना अंग उघडे टाकण्यात शहाणपण नसते. तिथे झाकलेले अंग हेच थंड अंग. म्हणूनच त्या मुलखात लांब बाह्यांचा अंगरखा, घेरदार केडिया आणि डोक्याला भलेमोठे पागोटे आले; म्हणूनच आजही नागपूरकर डोक्याला आणि कानांना दुपट्टा गुंडाळल्याखेरीज दुपारी घराबाहेर पडत नाही. मुंबई, गोवा, केरळ, चेन्नई, कोलकाता येथील उन्हाळा दमट. तिथे हवेतच पाण्याचा अंश इतका की घाम वाळण्यास जागा उरत नाही. तिथे कमी कापड, पातळ कापड आणि खालून वर वारा जाऊ देणारा बेत यांखेरीज गती नाही. मुंडू वा वेष्टी ही किनाऱ्याची वस्त्रे या बाबतीत कोणत्याही विजारीस हार जाणार नाहीत. केरळात वाटसरू मुंडू दुमडून गुडघ्यावर बांधतो आणि समोर वडीलधारे माणूस दिसताच ते झटकन खाली सोडतो. हवा आणि अदब, दोन्हींची सोय एकाच वस्त्रात! तेव्हा बडोद्याच्या मराठी कुटुंबाने चेन्नईतील मेहुण्याचा कित्ता डोळे मिटून गिरवू नये, हे उत्तम.

बुशशर्टाचा प्रवास

आता बुशशर्टाकडे वळू. आफ्रिकेच्या रानात शिकारीस जाणाऱ्या गोऱ्या लोकांच्या खिशांच्या जाकिटापासून त्याचा वंश सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धात उष्ण प्रदेशांत लढणाऱ्या सैनिकांच्या अंगी हा वेश आला आणि युद्धानंतर तो आपल्याकडे नागरिकांच्या अंगावर स्थिरावला. पट्टा गेला, चार खिशांचे दोन आणि पुढे एक झाला. राहिला तो उघडा गळा, आखूड बाही आणि विजारीबाहेर सोडलेला सरळ घेर. महाराष्ट्रात अर्ध्या बाह्यांच्या सैल सदऱ्यास जुनी माणसे ‘मनिला’ म्हणत. शाळामास्तर, कारकून, इंजिनिअर, नाटकातला तरुण नायक, साऱ्यांचा तो वेश होता. स्वातंत्र्यानंतरच्या दोन दशकांत आपल्या मध्यमवर्गाने उन्हाळ्याशी जो शहाणा समझोता केला, त्याचे नाव बुशशर्ट, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. फिलिपिन्समध्ये जवळजवळ त्याच सुमारास, १९५३ साली, रामोन मॅगसेसे यांनी अध्यक्षपदाची शपथ घेताना कोट-टाय बाजूस ठेवून ‘बारोंग तागालोग’ हा बाहेर सोडावयाचा पारदर्शक सदरा घातला आणि राष्ट्राच्या औपचारिक पोशाखात त्याला मान मिळवून दिला. आपल्याकडे बुशशर्टास असा मान कोणी दिला नाही. तो सोयीचा राहिला, प्रतिष्ठेचा झाला नाही.

त्याच्या शेजारी कुडता होताच. महाराष्ट्रात त्यास ‘नेहरू शर्ट’ हे नाव पडले, बंगालमध्ये त्याला ‘पंजाबी’ म्हणतात, आणि पंजाबात तो नुसता कुडता. परस्परांच्या नावाने कपडे ओळखण्याची ही गंमत आपल्याच देशात पाहावी. जुन्या कुडत्याचा बेत शिवणकाम शिकणाऱ्या मुलींनी मुद्दाम अभ्यासण्याजोगा आहे. सारे तुकडे सरळ रेषेत कापलेले, बगलेत एक चौकोनी जोड, आणि दोन्ही बाजूंस काप. कापडाची चिंधीदेखील वाया जात नाही. हात कितीही वर केला तरी शिवण ताणत नाही. आणि बगलेतील त्या जोडामुळे घाम जिथे सर्वाधिक, तिथेच कापड अंगापासून सुटे राहते. दर्जीकामातील हे कौशल्य कोणा एकाच्या नावावर नाही.

मग आले टेरिलिन. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी हा धागा शोधला आणि साठीच्या दशकात तो आपल्या घरांत शिरला. त्याचे कौतुक समजण्यासारखे होते. रोज धुणे, खळ, इस्त्री यांत बायकांचा अर्धा दिवस जाई. टेरिलिनच्या सदऱ्याने तो वाचवला. गृहिणीने त्याचे स्वागत केले यात तिची काय चूक? पाठोपाठ टेरिकॉट आले, सत्तरीत सफारी सूट आला, आणि उन्हाळ्यासाठी जन्मलेला बुशशर्ट जाड कृत्रिम कापडात शिवला जाऊन उकाड्याचा मित्र झाला. मुंबईच्या गिरण्यांचे पॉपलीन आणि मलमल मागे पडले. पुढे १८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपाने त्या गिरण्यांच्या जगालाच उतरती कळा लागली; तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

जगभर फिरून आलेली कापडे

उन्हाळी पोशाखाची जगाची भाषा चाळली, तर तिच्यात भारतीय शब्द जागोजाग आढळतात. पायजमा आपला. बांधणीवरून ‘बंडाना’ झाला, कालिकतवरून ‘कॅलिको’. मुंबईच्या डोंगरी भागाशी निगडित जाडेभरडे कापड परदेशी कामगारांच्या अंगी ‘डंगरी’ होऊन गेले. ‘खाकी’ हा शब्द खाक, म्हणजे धूळ, यावरून आला. १८४६ साली वायव्य सरहद्दीवर उभारलेल्या पलटणीसाठी हॅरी लम्स्डेन याने हा रंग निवडला आणि तो साऱ्या जगाच्या सैन्यांत पसरला. आज तरुण मंडळी ज्या फिक्या सुती विजारी आवडीने घालतात, त्यांच्या रंगाची ही पूर्वपीठिका.

‘सीअरसकर’ नावाचे चुरगळल्यासारखे दिसणारे पट्ट्यांचे कापड अमेरिकेत उन्हाळ्याचे मानचिन्ह मानले जाते. त्याचे नाव फारसी ‘शीर-ओ-शकर’, म्हणजे दूध आणि साखर, यांचा अपभ्रंश होय: एक पट्टा दुधासारखा गुळगुळीत, दुसरा साखरेसारखा खरबरीत. विणताना एक पट्टा ताणून आणि दुसरा सैल सोडून हा परिणाम साधतात. फुगलेला पट्टा अंगाला चिकटत नाही, त्यामुळे मधून हवा वाहते. शिवाय इस्त्रीची गरज नाही, कारण सुरकुती हेच त्याचे रूप. ज्या घरात टेरिलिन केवळ इस्त्रीच्या कंटाळ्याने टिकून आहे, त्या घरास हे कापड सुचवावेसे वाटते.

सर्वांत सुरस कथा मद्रासच्या चौकड्याची. चेन्नईच्या परिसरात हातमागांवर विणलेले हे चौकटीचे सुती कापड शतकानुशतके समुद्रापार जात आले. नायजेरियातील कालाबारी लोकांच्या घरी जन्म, विवाह, मरण या प्रत्येक प्रसंगी त्याला स्थान आहे. ते त्याला ‘इंजिरी’ म्हणतात. ते अमेरिकेतही पोहोचले. कण्णूरचे कॅप्टन सी. पी. कृष्णन नायर (पुढे हॉटेल व्यवसायात नावारूपास आलेले) यांनी १९५८ च्या सुमारास एका अमेरिकन व्यापाऱ्यास हे कापड विकले. वनस्पतिज रंगांचा असल्याने माल जपून, थंड पाण्यात धुवावा, असे त्यांनी बजावले होते, अशी हकीकत सांगितली जाते. ती सूचना गिऱ्हाइकापर्यंत पोहोचलीच नाही. न्यूयॉर्कच्या एका नामांकित पेढीने त्याचे उन्हाळी कोट विकले, पहिल्याच धुण्यात रंग एकमेकांत उतरले आणि तक्रारींचा पाऊस पडला. त्यावर काढलेली तोड मात्र अफलातून होती. रंग फुटणे हा दोष नसून दर धुण्यास नवे रूप घेणाऱ्या भारतीय हातविणीचा चमत्कार आहे, अशी जाहिरात झाली आणि ‘रंग फुटण्याची हमी’ देऊन तेच कापड धडाक्याने विकले गेले! आपल्याकडे मात्र त्याच जातीच्या चौकड्याची लुंगी नेसून कोणी दारात उभा राहिला, तर घरातील मुले ‘बाबा, आत या’ म्हणतात.

देशातल्या देशातही सांगण्यासारखे पुष्कळ आहे. आंध्र प्रदेशातील श्रीकाकुलम जिल्ह्यात पोंदूरू नावाचे गाव आहे. तेथील खादीसाठी स्थानिक जातीचा आखूड धाग्याचा कापूस वापरतात आणि तो विंचरण्यासाठी वालुग माशाच्या जबड्याची कंगव्यासारखी फणी घेतात. त्या बारीक दातांतून कचरा अडकून राहतो व तंतू न तुटता सरळ होतात. त्यावरून हाताने काढलेले सूत शंभर नंबरपर्यंत तलम होते. (सुताचा नंबर म्हणजे एक पौंड वजनात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात तो आकडा, नंबर चढला की सूत बारीक झाले.) एवढ्या तलम खादीचे धोतर वा कुडता अंगावर आहे की नाही, याचा उन्हाळ्यात विसर पडतो. लखनौच्या चिकनकारीत पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच दोऱ्याने भरतकाम होते आणि ‘जाळी’च्या टाक्यात तर कापडाचे धागे न तोडता दूर सारून बारीक छिद्रे पाडतात, शोभा आणि वारा एकाच सुईने साधतात. २००८ साली या कामास भौगोलिक निर्देशांक मिळाला.

कच्छमधील अजरखची छपाई नीळ आणि मंजिष्ठी लाल या दोन रंगांभोवती फिरते आणि अनेकदा धुणे, छापणे, बुडवणे या क्रमाने पुरी होते. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर धमडका गावातील पाण्यात लोहाचा अंश वाढला आणि रंग बिघडू लागले. पाणी हेच ज्यांचे भांडवल, त्या कारागिरांनी मग भूजजवळ अजरखपूर ही नवी वसाहत उभारली. त्याच कच्छमध्ये ‘काला कॉटन’ म्हणून ओळखला जाणारा देशी कापूस पावसाच्या पाण्यावर येतो. त्याचे कापड किंचित खरबरीत, पण मोकळ्या विणीचे. आज मोठ्या शहरांत तरुणांच्या उन्हाळी सदऱ्यांत अजरख आणि काला कॉटन यांची जी मागणी दिसते, ती फॅशन म्हणून आली असेल. तिच्यामागे एवढा खटाटोप आहे, हे घालणाऱ्यास ठाऊक असणे बरे.

पुरुषाच्या सदऱ्याचे वजन

२०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत ३५ लाखांहून अधिक विणकर आणि पूरक कामगार मोजले गेले. त्यांत सुमारे ७२ टक्के स्त्रिया होत्या. ही कुटुंबे मुख्यतः कोणाच्या आधारावर तगली? साडीच्या. आपल्या स्त्रियांनी पैठणी, इरकल, संबळपुरी, व्यंकटगिरी यांचा संग्रह केला, सणासुदीस आवर्जून हातमागाचेच घेतले. पुरुषांनी मात्र धोतर सोडले त्या दिवशी विणकराशी असलेला रोजचा व्यवहारही सोडला. १९८५ च्या कायद्याने धोतर, लुंगी, पंचा यांसारख्या काही वस्तूंचे ठरावीक प्रकार हातमागासाठी राखून ठेवले. पण जे वस्त्र कोणी नेसतच नाही, ते राखून किती उपयोग होणार? सदऱ्याचे कापड ही यातून निघणारी वाट आहे. अडीच-तीन मीटर हातमागाचे कापड वर्षातून दोनदा घ्यावे, इतकेच पुरुषाकडून अपेक्षित आहे.

ते घेताना फसगत होऊ नये म्हणून काही खुणा सांगतो. २००६ पासून ‘हँडलूम मार्क’ आणि २०१३ पासून ‘खादी मार्क’ ही अधिकृत चिन्हे लावली जातात. ती आधी पाहावी. चिन्ह नसेल तर कापडाची कड उलगडून बघावी. विणताना कापड ताणून धरणाऱ्या पट्टीच्या टोकांची बारीक छिद्रे हातमागाच्या कडेस पुष्कळदा आढळतात. विणीत क्वचित एखादा जाड धागा दिसेल. दुकानदार तो दोष म्हणून दाखवून किंमत कमी करू लागला, तर ती कपात विणकराच्या पदरी जाते, हे स्मरावे.

चपलांचे उदाहरण तर अगदी ताजे आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या पेढीने २०२६ च्या वसंत-ग्रीष्मासाठी पुरुषांचे कपडे सादर केले, तेव्हा चालणाऱ्या तरुणांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरी वाटाव्यात अशा चपला होत्या; कोल्हापूरचे नाव मात्र कुठेच नव्हते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकात नापसंतीचा सूर उमटला, तेव्हा त्या पेढीने भारतीय प्रेरणा मान्य केली. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या जिल्ह्यांच्या नावे २०१९ सालीच या चपलेला भौगोलिक निर्देशांक मिळालेला आहे. रागावणाऱ्यांत असेही पुष्कळ असतील, ज्यांच्या स्वतःच्या पायांत मात्र रबरी सपाता होत्या. कमावलेल्या चामड्याची उघडी चप्पल उन्हाळ्यात पायास वारा देते आणि घाम टिपते, म्हणून ती घ्यावी. मिलानला पसंत पडली म्हणून नव्हे.

दाराशी उभा असलेला शिष्टाचार

इतके सारे असूनही पुरुष उन्हाळी कपडे रविवारपुरतेच का ठेवतो? कारण दाराशी शिष्टाचार उभा आहे. २०१४ साली चेन्नईतील एका क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसली म्हणून प्रवेश नाकारण्यात आला. ज्या मातीत ते वस्त्र जन्मले तिथेच त्याला मज्जाव! तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी कायदा करून असा मज्जाव दंडनीय ठरवला. वकिलांच्या बाबतीत बार कौन्सिलचा नियम बरा आहे: सर्वोच्च व उच्च न्यायालये वगळता इतरत्र उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही. तरीही जिल्हा न्यायालयांच्या आवारात भर मे महिन्यात काळे कोट दिसतात. नियम सैल झाला, तरी पक्षकाराच्या डोळ्यांत वजन राहावे म्हणून माणूस स्वतःच स्वतःला आवळून घेतो.

इतर देशांनी हा प्रश्न कसा सोडवला, ते पाहण्यासारखे आहे. जपानने २००५ च्या उन्हाळ्यात ‘कूल बिझ’ ही मोहीम काढली. कचेऱ्यांतील वातानुकूलन २८ अंशांवर ठेवावयाचे आणि कर्मचाऱ्यांनी कोट-टाय न घालता यावयाचे. यातील मर्म असे की मंत्र्यांनी आधी आपले टाय सोडले. वरिष्ठ मोकळ्या गळ्याने आले, तेव्हा कनिष्ठांची भीड गेली. २००९ साली बांगलादेशच्या सरकारने वीज वाचवण्यासाठी आपल्या अधिकाऱ्यांस उन्हाळ्यात सूट व टाय वर्ज्य करण्यास सांगितले आणि यंत्रे २४ अंशांखाली नेऊ नका, असे बजावले. आपल्याकडे १ जानेवारी २०२० पासून घरगुती वातानुकूलन यंत्रे मुळातच २४ अंशांवर लावून विकण्याचा नियम झाला. पण कोट घालून बसलेला अधिकारी हाताशी असलेल्या बटणाने तो आकडा १८ वर आणतो आणि पलीकडे बसलेली टंकलेखिका शाल पांघरते. कारखाने, बँका, शाळा, महाविद्यालये यांनी एप्रिल ते जून एवढ्या तीन महिन्यांपुरता बाहेर सोडलेला सदरा व कुडता हा औपचारिक वेश मानावा, एवढ्याने पुष्कळ साधेल. तसा ठराव करण्यास कोणत्याही मोठ्या कायद्याची गरज नाही. संस्थेच्या प्रमुखाने पहिल्या सोमवारी तसे येऊन दाखवावे.

कापड घेतल्यावर

शेवटी घरच्यांसाठी थोडे व्यवहाराचे. सुती वा लिननचे कापड दर्ज्याकडे देण्यापूर्वी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवावे. जे आटावयाचे ते आधीच आटते. माप देताना छातीच्या घेरात पाच-सहा इंच अधिक सोडावयास सांगावे आणि दोन्ही बाजूंस चार इंचांचे काप ठेवावे. कोरड्या मुलखात राहणाऱ्यांनी बाही लांब ठेवावी, हवे तेव्हा ती दुमडता येते. किनाऱ्यावरील मंडळींनी आखूड घ्यावी. आतील गंजीफ्रॉक काढून टाकण्याचा सल्ला तरुण देतात, पण पातळ सुती गंजी घाम टिपते आणि वरचा सदरा वाचवते. दमट हवेत मात्र दोन थर नकोतच.

नीळ, अजरख वा चौकड्याचे कापड पहिले दोन-तीन वेळा वेगळे, थंड पाण्यात धुवावे आणि उलटे करून सावलीत घालावे. रंग थोडा जाईल, जाऊ द्यावा. खळ बेताची असावी, कारण घट्ट कांजीने विणीतील छिद्रे बुजतात आणि ज्यासाठी मलमल घेतली तो वाराच अडतो. लिननला सुरकुत्या पडणारच, आणि घालणाऱ्याने त्यांचे वाईट वाटून घेऊ नये. त्यातूनही इस्त्री करावयाची असेल, तर कापड किंचित ओले असतानाच करावी. पुरत्या वाळलेल्या लिननवर इस्त्री कितीही फिरवली, तरी सुरकुती जागची हलत नाही.